कंपायलरला न दाखवलेली जागा

शेवटचा साधा दिवस रविवार होता, आणि त्या दिवशी सलीमाने अब्बांच्या बोर्डातल्या चुका काढल्या.

त्यात नवं काही नव्हतं. दर रविवारी ती हडपसरहून घोरपडे पेठेतल्या घरी यायची, अम्मीच्या हातचं जेवायची, आणि ताटं उचलली की अब्बा आपलं टेबल पुसून बोर्ड तिच्यापुढे सरकवायचे. वहीच्या पानाएवढा, घरी बनवलेला, एका पाटीवर मावणारा कंप्युटर. जुन्या पिढीतला एक प्रोसेसर, प्रोग्रामची एक चिप, तारीख-वेळ राखणारी एक चिप, मेमरीची एक चिप, तिच्या शेजारी वीज नसताना दोघींना जागं ठेवणारा बटणाएवढा सेल आणि पाटीच्या पाठीवर बारीक तारांचं जाळं. सुटे भाग तपकीर गल्लीतून एकेक करून आणलेले. दुकानदार त्यांना ओळखत, कारण निम्मे दुकानदार तंत्रनिकेतनात त्यांच्याच, म्हणजे तांबोळीसरांच्या, हाताखाली शिकलेले. घरात अम्मीशी घरची बोली चालायची, पण यंत्राबद्दल बापलेक मराठीतच बोलत. अब्बांनी आयुष्यभर मायक्रोप्रोसेसर मराठीतच शिकवला होता, आणि सलीमाने तो पहिल्यांदा मराठीतच ऐकला होता, झोपताना. हा बोर्ड गल्लीतल्या मशिदीच्या भिंतीवर लागायचा. त्याच्या लाल आकड्यांत त्या दिवसाच्या मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजची, वेळ दिसायची. रोजचा सूर्यास्त तो स्वतः काढायचा, आणि पावसाळ्यात सूर्य दिसत नाही तेव्हा सगळी गल्ली त्या आकड्यांवर रोजा सोडायची.

"ही तार ताणली गेलीये," सलीमा म्हणाली. "हे सॉकेट सैल आहे. आणि प्रोग्रामात एक कॉमेंट नाही, अब्बा. उद्या दुसऱ्या कुणाला बघायची वेळ आली तर?"

"ज्याला कळायचं त्याला कळेल."

"नाही कळत."

"मग त्याने हात लावू नये." अब्बांनी चष्मा कपाळावर चढवला. "मला एक सांग. वीज जाऊन आली की माझा एक आकडा पुसला जातो. सेल असून पुसला जातो."

"कंपायलर पुसतो. सुरू होताना तो आपल्या हद्दीतलं सगळं शून्य करूनच पुढे जातो. तसंच असतं ते." तिच्या फोनवर ऑफिसचा निरोप आला होता, ती तो वाचत होती.

"त्याला सगळी जागा दाखवायलाच हवी का?"

"हो, मग? आहे तेवढी खरी सांगायची."

"म्हणजे भाडेकरूला माळासुद्धा दाखवायचा."

"अब्बा, कंपायलर भाडेकरू नाही."

"मग काय, मालक आहे?"

ती हसली नाही. निरोपाचं उत्तर लिहून तिने फोन पर्समध्ये टाकला आणि चपला शोधू लागली. अब्बा दारापर्यंत आले. ते नेहमीचं विचारणार हे तिला ठाऊक होतं. चुका सांगून झाल्या की ते नेहमी विचारायचे, ती दहावीत असल्यापासून, स्वतः बनवलेलं काहीही तिच्यापुढे ठेवलं की.

"बाकी?"

"बाकी ठीक," ती म्हणाली, आणि जिना उतरली.

सोमवारी पहाटे अब्बा नमाजआधी वजू करायला बेसिनशी उभे राहिले आणि तिथेच खाली बसले. नळ तसाच वाहत राहिला, त्या आवाजाने अम्मी उठली. सलीमा पोहोचली तेव्हा नळ कुणीतरी बंद केलेला होता, आणि पुढे कितीतरी दिवस तिला तो बंद नळच आठवत राहिला. कुणी बंद केला, केव्हा केला, आणि त्या माणसाने आधी नळ बंद केला की आधी अब्बांना हात लावला. पुरुष त्यांना कब्रस्तानात घेऊन गेले तेव्हा ती गॅलरीत उभी होती. गल्लीच्या वळणावर खांदे बदलले गेले ते तिला दिसलं. वळणापुढचं तिला दिसलं नाही, आणि त्या न दिसलेल्या भागाची मनात मांडणी करायचा प्रयत्न ती अर्ध्यावरच सोडायची. मग ती दुसऱ्या कशाचा तरी विचार करायची. दुसरं बहुधा ऑफिसचं असायचं, आणि ऑफिसच्या आड एक तिसरं असायचं, जे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. गेल्या काही महिन्यांत अब्बा चुकायला लागले होते. एकदा स्वारगेटला हडपसरऐवजी कात्रजच्या बसमध्ये बसले आणि सर्पोद्यानाजवळच्या डेअरीपाशी उतरून तिला फोन केला, "सापांना भेटून येतो, जेवायला थांबू नकोस." ती हसली होती. एकदा चहाचं भांडं जळलं. एकदा तिच्याच वाढदिवशी त्यांनी तिला आज कुठला वार ते विचारलं. प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण होतं, आणि सगळ्यांना मिळून एकच कारण असू शकतं हे तिला कळत होतं. कळत होतं आणि ती रविवारी येऊन सैल सॉकेट दाखवत होती.

चाळिसावा झाला. पाहुणे गेले. सलीमा रजा वाढवून घोरपडे पेठेतच राहिली. बोर्ड अब्बांच्या टेबलावर चालू होता. दुरुस्तीसाठी म्हणून त्यांनी तो मशिदीतून घरी आणला होता आणि त्या रविवारनंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. लाल आकडे कुणाला न सांगता बदलत राहायचे. अम्मी त्यावर रोज फडका मारायची, पण आकड्यांवरून नाही, भोवतीने.

मंगळवारी संध्याकाळी रियाजभाई आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांची बेकरी, आणि मशिदीच्या ट्रस्टचे सेक्रेटरी तेच. नानकटाईचा पुडा अम्मीच्या हातात देऊन ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"ताई, घाई नाही. म्हणजे आहे, पण नाही. रमजान तोंडावर आलाय. ट्रस्टची मंडळी म्हणतात तयार घड्याळ मिळतं, रिमोटसकट. सरांचं बघा, लाईट गेली की वेळ चुकायला लागली होती. सर होते तोवर ठीक. आता बिघडलं तर विचारायचं कुणाला?"

"मी बघते."

"तेच म्हटलं मी त्यांना. तुम्ही कंपनीत हेच करता ना?"

"हेच नाही. साधारण असंच."

"मग साधारण बघा." ते उठले. "गुरुवारी दिवसभर लाईट जाणारच आहे. त्यातून उठला तर लावू, नाहीतर तयार आणू. कसं?"

असं म्हणून ते गेले, आणि सलीमाच्या लक्षात आलं की अब्बांची परीक्षा ठरली आहे, तारखेसकट, आणि पेपर तिला सोडवायचा आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणं ही शहराची जुनी सवय. लहानपणी गुरुवार म्हणजे पंखा बंद, आणि अब्बा अंगठ्याएवढा सर्किटचा तुकडा सेलवर लावून एक दिवा लुकलुकवत बसलेले. आता तिला वाटलं, भिंतीवर रिमोटवालं तयार घड्याळ लागलं की गल्ली आठवड्याभरात अब्बांना विसरेल. विसरणार नाही, पण त्यांच्याकडे मान वर करून बघणार नाही. रोज संध्याकाळी हातात खजूर धरून शंभरेक माणसं अब्बांनी काढलेल्या आकड्याकडे बघतात. ही एक गोष्ट अजून चालू होती.

बुधवारी तिने अब्बांचा कंप्युटर उघडला. प्रोग्राम नीटनेटका होता, रांगोळीच्या ठिपक्यांसारखा सरळ, आणि मुका. एकाही ओळीशेजारी एक शब्द समजुतीचा नाही. तिने आधी प्रोग्राम वाचलाच नाही. तिने ती छोटी फाईल उघडली जिच्यातून कंपायलरला मेमरी कुठून कुठपर्यंत आहे ते सांगायचं असतं. कंपायलर प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो, आणि उतरवताना कुठली वस्तू कुठे ठेवायची तेही तोच ठरवतो. कायमचे आकडे तो खालच्या टोकापासून वर रचत जातो, आणि कामापुरत्या गोष्टींची चळत वरच्या टोकापासून खाली उतरत येते. मोठ्या कंप्युटरवर दोघांच्या मध्ये पहारा असतो. घरी बनवलेल्या बोर्डावर कुणी नसतं. एकाचा पाय दुसऱ्याच्या अंगावर पडला तरी यंत्र ओरडत नाही. चालत राहतं, आणि कधीतरी, भलत्याच वेळी, चुकीचं बोलतं. नोकरीत पहिल्या वर्षी तिला याची स्वप्नं पडायची. तिने फाईलमधला आकडा वाचला. मग बोर्ड उचलून चिपवरचे अक्षर-अंक भिंगाखाली वाचले. मेमरी बत्तीस के, म्हणजे बत्तीस किलोबाइट, होती. अब्बांनी एकतीस लिहिलं होतं.

तिने भिंग खाली ठेवलं. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. बत्तीसच्या जागी एकतीस. विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर अब्बांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. कात्रजची बस, चहाचं भांडं, वार, आणि आता हे. काहीतरी सापडल्याचा आनंद आधी झाला आणि मग त्या आनंदाची शिसारी आली. म्हणजे ते खरं होतं. म्हणजे ती रविवारी समोर बसली होती तेव्हा ते चाललं होतं, तिच्या डोळ्यांसमोर. डॉक्टर म्हणाले हृदय. पण हृदयाच्या आधी हे होतं, आणि हे तिने कुणाला सांगितलं असतं तर कुणीतरी त्यांना तपासलं असतं, तपासताना हृदयही पाहिलं असतं. हा हिशेब ती रोज मांडत होती. आज त्याला पुरावा मिळाला होता.

तिने एकतीस खोडून बत्तीस केलं.

जुनी चिप पुसून तिच्यावरच नवा प्रोग्राम भरायची अब्बांची पद्धत होती. चिप पुसायची जांभळ्या दिव्याची पेटीही त्यांनीच केली होती, जुन्या जेवणाच्या डब्याची. पण पुसायचं तर दिव्याचा उजेड आत जायला चिपवरचा कागदी स्टिकर काढावा लागतो, आणि स्टिकरवर त्यांच्या अक्षरात आवृत्तीचा इंग्रजी सात लिहिला होता, मध्ये आडवी रेघ मारलेला, त्यांच्या पद्धतीचा. तिने नखाने कोपरा उचलला आणि परत दाबून बसवला. खणातून कोरी चिप काढून तिच्यात प्रोग्राम भरला, जुनी फोममध्ये खोचून ठेवली, नवी बसवली. बोर्ड सुरू झाला. मगरीब सहा अठ्ठावन्न. तिने वर्तमानपत्रातला सूर्यास्त पाहिला. सहा अठ्ठावन्न. मिनिटाचा फरक नाही. दुरुस्त झालं, ती स्वतःशी म्हणाली.

गुरुवारी सकाळी सांगितल्याप्रमाणे वीज गेली. आकडे विझले. दिवसभर ती त्या काळ्या पट्टीकडे बघत घरात फिरत राहिली. मेमरीचा सेल जिवंत आहे का ते तिने मीटर लावून पाहिलं, जिवंत होता. तासाभराने परत पाहिलं. अम्मीचा रोजा होता. सोमवारी आणि गुरुवारी ती नेहमी ठेवायची, रमजान असो वा नसो. "सारखं बघून काय वाढणार आहे त्यात?" ती म्हणाली. "पोळ्या लाटतेस का?" सलीमाने पोळ्या लाटल्या. आभाळ सकाळपासून खाली आलेलं होतं, पाऊस नाही आणि उजेडही नाही, वेळ कळायला काही साधनच नाही असा दिवस. पाचनंतर वीज आली. फ्रिज थरथरला. बोर्डावर क्षणभर काहीच नव्हतं, आणि मग लाल आकडे उमटले. सहा अठ्ठावन्न.

"अम्मी, चालतोय! वीज जाऊन आली, तरी बरोबर आहे."

अम्मीने पोळ्यांवर फडकं झाकलं. वेळ जवळ आली तशी ती टेबलाशी येऊन बसली, एका वाटीत खजूर, पेल्यात पाणी. चाळीसपेक्षा जास्त दिवसांत ती पहिल्यांदा त्या खुर्चीशेजारी बसली होती. तिने खजूर हातात घेतला आणि आकड्यांकडे बघत राहिली. सहा अठ्ठावन्न झाले. कोपऱ्यात लाल ठिपका लुकलुकायला लागला. अम्मीचा हात जागचा हलला नाही.

"अम्मी, झाली वेळ."

"नाही झाली."

"ठिपका आला की. पेपरातही हीच वेळ आहे."

"पेपरवाले रोजा ठेवतात का?" अम्मी म्हणाली. तिने मान खिडकीकडे केली. "हे लवकर आहे. तुझ्या अब्बांचं असं नव्हतं. सूर्य बुडाला असं गणित म्हणालं की वर आणखी थोडं थांबायचे ते. खबरदारी म्हणून. माणसं घाई करतात, घड्याळाने करू नये, म्हणायचे. ते बेलचं बटण त्याचसाठी लावलंय, मशिदीत बांगीसाहेब दाबतात, एकेक मिनिट वाढतं. तुला नाही सांगितलं?"

पाटीच्या कडेला दाराच्या बेलचं जुनं बटण होतं. सलीमाला ते पहिल्यापासून दिसत होतं. हे कशाला, असं तिने एकदा विचारलं होतं आणि उत्तर येण्याआधी त्याची वायर उघडी आहे असं सांगितलं होतं.

त्या दोघी थांबल्या. खजूर अम्मीच्या बोटांत होता. मग मशिदीतून अजान आली, बांगीसाहेबांनी छापील वेळापत्रकावर बोट ठेवून दिलेली, आणि अम्मीने बिस्मिल्ला म्हणून खजूर तोंडात टाकला. सलीमाच्या फोनवर सात वाजून एक मिनिट झालं होतं.

एक आकडा पुसला जातो, अब्बा म्हणाले होते. कुठला, हे तिने विचारलं नव्हतं. भाडेकरूला माळासुद्धा दाखवायचा. सलीमा उठली, कंप्युटरपाशी गेली आणि पहिल्यांदाच त्यांचा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचू लागली. निम्म्यावर तो सापडला. एका ओळीत एक उघडा पत्ता, हाताने लिहिलेला, कंपायलरला काही न विचारता. एकतीसच्या हद्दीबाहेरचा, बत्तीसच्या अगदी वरच्या टोकाचा. तिथे फक्त बटणाची मिनिटं राहत होती. त्यापुढची ओळ पाहत होती की तिथली मिनिटं भलतीच निघाली तर शून्य धरायचं. कंपायलरला त्यांनी घर एका खोलीने लहान सांगितलं होतं. जी खोली त्याला माहीतच नाही ती तो पुसणार नाही, तिच्यात आपलं सामानही रचणार नाही. वीज जावो, येवो, सेल आहे तोवर मिनिटं जागेवर. प्रोग्रामच्या फाईलवर त्याच रविवारची संध्याकाळची वेळ होती. दुपारी तिने नाही म्हटलेलं संध्याकाळी त्यांनी करून टाकलं होतं. बोर्ड त्याच दिवशी बरा झाला होता. चूक नव्हती ती. एकतीस हे त्यांनी विचार करून, सगळं डोकं ठिकाणावर ठेवून लिहिलं होतं, आणि तिने ते बत्तीस केलं, कंपायलरला माळ्याची शिडी लावून दिली, आणि सुरू होताक्षणी त्याच्या चळतीने तिथलं सगळं तुडवलं. अब्बांच्या बोटाने शेवटची दाबलेली मिनिटं. ती गेली. शून्य झालं, आणि शून्य वर्तमानपत्राशी तंतोतंत जुळलं, आणि त्याला ती बरोबर म्हणाली.

तिला आधी राग आला. एक ओळ, अब्बा. एक ओळ लिहायची होती शेजारी. कुणी हात लावू नये, एवढीच. मग हेही आठवलं की सांगायला ते निघाले होते, तोंडी, जेवणानंतर, आणि ती चपला शोधत होती.

फोममधली जुनी चिप तिने काढली. सातची आडवी रेघ अंगठ्याखाली आली. बोर्ड बंद करून तिने नवी चिप उपसली, जुनी बसवली, प्रत्येक पाय सॉकेटमध्ये गेल्याचं नखाने चाचपून पाहिलं. सॉकेट सैल नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांनी तेही बदललं होतं. बोर्ड सुरू झाला. मिनिटं शून्यच होती, ती कुठून परत येणार. तिने बेलचं बटण दाबलं. परत दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं आणि मगरीब सात वाजून एक झाली, आत्ताच झालेल्या अजानच्या वेळेएवढी.

आता फक्त वीज काढायची होती. तिने प्लगला हात घातला आणि हात तिथेच राहिला. हे नाही टिकलं तर काय, हे तिला सरळ दिसत होतं: तयार घड्याळ येईल, आणि एकतीसचा अर्थ पुन्हा बस, भांडं आणि वार यांच्या रांगेत जाऊन बसेल. आत अम्मीने नमाजचा मुसल्ला अंथरल्याचा आवाज आला. सलीमाने प्लग उपसला. आकडे विझले. खोलीत एकदम संध्याकाळ भरली. तिने दहापर्यंत मोजलं आणि प्लग आत लोटला. काळी पट्टी. काळीच. मग सात वाजून एक.

तिने परत उपसला, परत लावला. सात वाजून एक. अजून एकदा, जरा जास्त वेळ थांबून, मुद्दाम, छळल्यासारखं. सात वाजून एक.

खालून हाक आली. नमाज आटोपून रियाजभाई खिडकीखाली उभे होते, टोपी अजून डोक्यावर. "ताई! काय ते? तयार घड्याळ सांगून टाकू?"

"नको," ती खिडकीतून वाकून म्हणाली. "सकाळी माणूस पाठवा, हाच लावा."

"दुरुस्त झाला?"

"बिघडलाच नव्हता. सरांनी तेव्हाच नीट केला होता."

"मग इतके दिवस काय बघत होता तुम्ही?"

त्यांना उत्तर नको होतं. ते बेकरीकडे निघाले होते. सलीमाने खिडकी लोटून घेतली. कात्रजची बस तरीही राहिलीच. भांडं राहिलं, वार राहिला. त्यांचं काय ते तिला आता कधी कळणार नव्हतं. आतल्या खोलीत अम्मी जमिनीला कपाळ टेकून सजद्यात होती. टेबलाशी अब्बांची खुर्ची, बसणाऱ्याच्या वजनाने एका बाजूला किंचित झुकलेली. बोर्ड तिच्यापुढे होता, जसा रविवारी सरकवलेला असायचा. तिने त्याच्याकडे चुका काढायच्या नजरेने पाहिलं, सवयीने, तारा, टाके, कडा, आणि त्या नजरेच्या शेवटी नेहमी जो प्रश्न यायचा त्याची जागा आली. कुणी विचारलं नाही. ती थांबली, जितका वेळ ते थांबायचे तितका.

"बाकी नुसतं ठीक नाही," ती मोठ्याने म्हणाली. मग आणखी मोठ्याने, दारापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "चांगला झालाय, अब्बा. फार चांगला झालाय."